ड्यूक-केंटकी १९९२ आणि लेटनरचा तो शॉट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च महिना आला, अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलची टूर्नामेंट सुरू झाली की तो जुना व्हिडिओ परत फिरायला लागतो आणि मग तेच तेच प्रश्न येतात. दरवेळी वेगवेगळं उत्तर टाइप करण्यापेक्षा एकदाच सगळं एका जागी लिहून ठेवतोय. ज्यांना काहीच माहीत नाही त्यांनी वरून सुरुवात करा, ज्यांना फक्त नियमांवर भांडायचंय त्यांनी सरळ ४, ६, १० आणि २१ वर जा.

१. हा लेटनरचा शॉट म्हणजे नेमकं काय प्रकरण आहे? थोडक्यात सांगा.

२८ मार्च १९९२, शनिवार संध्याकाळ, फिलाडेल्फियातलं स्पेक्ट्रम स्टेडियम. ड्यूक विरुद्ध केंटकी, दोन्ही अमेरिकन युनिव्हर्सिटींच्या टीम्स. ओव्हरटाइमचे २.१ सेकंद बाकी, केंटकी १०३-१०२ असं एका पॉइंटने पुढे. ड्यूकच्या ग्रँट हिलने एका टोकाच्या लाइनबाहेरून जवळपास ७५ फूट लांब पास फेकला, तो ख्रिश्चन लेटनरने समोरच्या फ्री थ्रो लाइनपाशी (फाउल झाल्यावर जिथून मोकळा शॉट मारतात ती) पकडला, एक ड्रिबल घेतला (बॉल जमिनीवर आपटला), वळला आणि शॉट मारला. बॉल हवेत असतानाच वेळ संपली, बॉल आत गेला, ड्यूक १०४-१०३ ने जिंकलं. आपल्याकडे तेव्हा रविवारची सकाळ उजाडली होती आणि कोणाला पत्ताही नव्हता, कारण चारच दिवसांपूर्वी क्रिकेटचा वर्ल्ड कप संपला होता आणि सगळ्यांच्या डोक्यात इम्रान खानच होता.

२. ही फायनल होती ना? त्या शॉटमुळे ड्यूक चॅम्पियन झालं ना?

नाही, आणि ही सगळ्यात जास्त होणारी गल्लत आहे. ही ईस्ट रीजनची फायनल होती, म्हणजे शेवटच्या आठ टीम्सचा राउंड, आपल्या भाषेत क्वार्टर फायनलच म्हणा. जिंकणारी टीम फायनल फोरला, म्हणजे शेवटच्या चारात, जाणार, हरणारी घरी. ड्यूकने मग मिनियापोलिसला सेमीफायनलमध्ये इंडियानाला ८१-७८ असं हरवलं आणि ६ एप्रिलला फायनलमध्ये मिशिगनला ७१-५१ असं धुतलं. मिशिगनची ती फॅब फाइव्ह वाली फेमस टीम, पाचही पोरं फर्स्ट इयरची. ड्यूकचं हे लागोपाठ दुसरं टायटल, १९७३ च्या यूसीएलएनंतर सलग दोनदा जिंकणारी पहिली टीम. गंमत म्हणजे ती फायनल आज कोणालाच धड आठवत नाही.

३. एनबीए (तिकडची प्रोफेशनल लीग) असताना कॉलेजच्या मॅचचं एवढं कौतुक कशाला?

कारण इथे सिरीज नसते. एनबीएत एक मॅच हरलात तर परवा दुसरी आहे, इथे एक हरलात की खेळ खल्लास. १९९२ मध्ये ६४ टीम्स होत्या, चॅम्पियन व्हायला सलग सहा मॅच जिंकाव्या लागायच्या. त्यात पोरं चार वर्षं कॉलेजला असतात, त्यामुळे फोर्थ इयरच्या पोराची हरलेली मॅच ही त्याची कॉलेजसाठीची शेवटचीच मॅच असते. आणि केंटकीसारख्या राज्यात एनबीएची टीमच नाही, तिथे सगळं गाव, सगळा तालुका युनिव्हर्सिटीच्या टीममागे असतो. आपल्याकडे इंटर-युनिव्हर्सिटीच्या मॅचला खेळाडूंचे मित्र आणि दोन-चार सर सोडून कोणी नसतं, त्यामुळे हे पटकन डोक्यात शिरत नाही.

४. २.१ सेकंदात ७५ फूट पास, कॅच, ड्रिबल, टर्न, शॉट हे शक्यच नाही. घड्याळ उशिरा चालू केलं असणार, बरोबर ना?

पासला वेळ लागतच नाही, तिथेच सगळे फसतात. थ्रो-इनला, म्हणजे लाइनबाहेरून बॉल आत टाकताना, घड्याळ पास सुटल्यावर चालू होत नाही, कोर्टवरच्या कुठल्याही खेळाडूचा हात बॉलला लागला की चालू होतं. म्हणजे हिलने पास फेकला, बॉल अख्खं कोर्ट ओलांडून गेला, तरी घड्याळात २.१ च. लेटनरच्या हातात बॉल पडला तिथून मोजायचं. आता तुम्हीच मोबाईलवर स्टॉपवॉच लावा आणि मनातल्या मनात पकड, वाक, आपट, वळ, मार असं करून बघा, दोन सेकंद हे वाटतं त्यापेक्षा खूप असतात. बहुतेक पोरं अशा वेळी घाबरून हातात आल्या आल्या फेकून देतात, लेटनरने ड्रिबल घ्यायचं धाडस केलं, म्हणून ते आपल्याला अशक्य वाटतं. आणि वेळ संपल्याची लाल लाइट लागायच्या आत बॉल हातातून सुटलेला व्हिडिओत स्वच्छ दिसतो, त्याबद्दल केंटकीवालेसुद्धा भांडत नाहीत.

५. त्या प्लेमध्ये कोण कुठे होतं? नीट सांगा ना, व्हिडिओत पटकन कळत नाही.

केंटकीने नुकताच बास्केट केला होता (त्याबद्दल प्रश्न १२), ड्यूकने टाइमआउट घेतला, आणि आता ग्रँट हिल त्याच बास्केटच्या मागे एंड लाइनबाहेर बॉल घेऊन उभा. त्याच्या समोर कोणीच नाही. लेटनर पार दुसऱ्या टोकाला, तिथून तो फ्री थ्रो लाइनकडे वर आला. त्याच्या मागे केंटकीचे दोघं, जॉन पेल्फ्री आणि डेरॉन फेल्डहाउस. लेटनर ६ फूट ११ इंच, हे दोघं त्याच्यापेक्षा बुटके.

हिलने एका हाताने बेसबॉलसारखा पास मारला. लेटनरने उडी मारून बॉल दोन्ही हातांनी वरच पकडला, बास्केटकडे पाठ. खाली आला, उजवीकडे जातोय असं दाखवलं, एक ड्रिबल, आणि डावीकडे वळून थोडं मागे झुकत शॉट. बॉल बोर्डला न लागता सरळ आत. मग दोन चेहरे बघा, लेटनर हात वर करून पळत सुटलाय आणि ड्यूकचाच थॉमस हिल डोक्याला हात लावून रडतोय. जिंकल्यावर रडतोय बरं का, बऱ्याच जणांना तो केंटकीचा वाटतो.

माझं मत विचाराल तर या अख्ख्या प्लेमध्ये सगळ्यात अवघड काम पासचं होतं. फ्री थ्रो लाइनवरून वळून शॉट मारणं हे लेटनर रोज प्रॅक्टिसला करायचा, पण ७५ फुटांवरून, दोन माणसं मागे असताना, अशा उंचीवर बॉल ठेवायचा की आपल्याच माणसाचा हात पोचेल, हे कोण रोज करतं? हिलचे वडील कॅल्विन हिल अमेरिकन फुटबॉलचे मोठे खेळाडू, डॅलस काउबॉइजकडून खेळलेले, त्यामुळे पोराचा हात कुठून आला यावर तिकडे भरपूर विनोद होतात. पण शॉटला नाव लेटनरचं लागलं आणि हिलच्या वाट्याला पास दाखवणारा अर्धा सेकंद आला.

६. ड्यूकने टाइमआउट घेतला होता तर बॉल मिडकोर्टवरून का नाही घेतला? एनबीएत तर घेतात.

कॉलेजच्या मुलांच्या मॅचच्या नियमात ती सोय नाही. एनबीएत शेवटच्या मिनिटांत टाइमआउट घेतला की बॉल पुढे नेऊन समोरच्या हाफमधून थ्रो-इन करता येतो. अमेरिकन कॉलेजमध्ये मुलांच्या मॅचला बॉल जिथून आत यायचा तिथूनच येतो, म्हणजे समोरच्याने बास्केट केलाय तर आपल्या मागच्या एंड लाइनवरून, मग टाइमआउट एक घ्या नाहीतर तीन घ्या. म्हणून तो ७५ फुटांचा पास.

पण एक फायदा मिळतो. समोरच्याने बास्केट केल्यानंतर थ्रो-इन करणाऱ्याला एंड लाइनमागे इकडेतिकडे पळायची मुभा असते आणि टाइमआउट घेतला तरी ती मुभा जात नाही. इतर थ्रो-इनला एकाच जागी उभं राहावं लागतं.

आपल्याकडे महाराष्ट्रात कॉलेज लेव्हलला खेळणाऱ्यांसाठी : आपण फीबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या, नियमाने खेळतो आणि आताच्या फीबा नियमात चौथ्या क्वार्टरच्या किंवा ओव्हरटाइमच्या शेवटच्या दोन मिनिटांत टाइमआउट घेतला तर कोचला थ्रो-इन समोरच्या हाफमधून घ्यायचा पर्याय आहे. म्हणजे हीच परिस्थिती आज आपल्याकडच्या मॅचला आली तर कोणी शहाणा कोच असा पास टाकायला सांगणार नाही. हा शॉट कॉलेजच्या नियमामुळेच जन्माला आला असं म्हटलं तरी चालेल.

७. पास टाकणाऱ्यासमोर केंटकीने कोणालाच का उभं केलं नाही? एवढी साधी गोष्ट कोचला कळली नाही?

सगळ्यात जास्त आलेला प्रश्न. केंटकीचा कोच होता रिक पिटिनो, आणि त्याने विचार करूनच हे केलं होतं. पास टाकणारा लाइनबाहेर असतो, त्याच्यावर माणूस लावला की आत चार विरुद्ध चार. तो माणूस काढून आत आणला की पाच विरुद्ध चार. पिटिनोने तो जास्तीचा माणूस मागे ठेवून लेटनरवर दोघं लावले. कागदावर हे चुकीचं अजिबात नाही, ७५ फुटांचा पास बहुतेक वेळा चुकतोच, आणि बरोबर पडला तरी दोघांत एकाचा हात लागेल असा हिशोब.

हिशोब चुकला तो इथे की समोर हात नाचवणारा कोणी नसेल तर फेकणाऱ्याला निवांत बघून, पावलं टाकून, मनासारखा नेम धरून फेकता येतं. समोर एखादा उंच माणूस उडी मारत असता तर हिलला बॉल आणखी वरून काढावा लागला असता आणि तेवढ्या लांब पासमध्ये एवढ्याशा बदलाने बॉल पार दुसरीकडे जातो. दोन वर्षांपूर्वी ड्यूकने याच राउंडला पास टाकणाऱ्याला मोकळं सोडल्याचाच फायदा उठवला होता (प्रश्न १४), ते आठवलं की मग पिटिनोची बाजू घेणं जरा जड जातं. तरी लोक त्याला बावळट ठरवतात ते मला पटत नाही. पास दोन फूट इकडेतिकडे गेला असता तर त्याच डावाला आपण मास्टरस्ट्रोक म्हणालो असतो.

८. ते मागचे दोघं नुसते बघत का राहिले? उडी नाही, ढकललं नाही, काहीच नाही?

कारण फाउलची भीती. फाउल केला असता तर लेटनर फ्री थ्रो लाइनवर, आणि त्या दिवशी त्याचा एकही फ्री थ्रो चुकला नव्हता (प्रश्न ११). पॉइंट एकचाच फरक, दोन फ्री थ्रो म्हणजे मॅच गेलीच. म्हणून दोघंही हात आवरून होते, बॉल पकडताना कोणी अंगाला अंग लावलं नाही, आणि तो वळला तेव्हा हात वर आले पण उशिरा.

दुसरी अडचण म्हणजे त्यांचा सगळ्यात भारी खेळाडू जमाल मॅशबर्न, २८ पॉइंट केलेला, पाच फाउल होऊन बाहेर बसला होता, तोही या प्लेच्या फक्त १२ सेकंद आधी. तो असता तर काय, या चर्चेला अंत नाही म्हणून मी त्यात पडत नाही.

९. हा प्ले आधी ठरलेला होता का टाइमआउटमध्ये सुचला?

प्ले ड्यूककडे होता, आणि एकदा फसलेलाही होता! त्याच सीझनला फेब्रुवारीत वेक फॉरेस्टविरुद्ध शेवटच्या क्षणी हेच केलं होतं, फेकणारा हिल, पकडणारा लेटनर. तेव्हा पास बाहेरच्या बाजूला वळला, लेटनरने बॉल घेतला पण पाय लाइनबाहेर गेला, मॅच ७२-६८ ने गेली. त्या अख्ख्या वर्षात ड्यूक ३४ जिंकलं आणि फक्त २ हरलं, त्यातली ही एक.

तरीही कोच के, म्हणजे माइक शशेव्हस्की, यांनी महिनाभराने, सीझन पणाला लागलेला असताना, तोच प्ले आणि तीच दोन माणसं निवडली. टाइमआउटला पोरं मान खाली घालून बाकाकडे आली तेव्हा त्यांनी आधी आपण जिंकणार आहोत एवढंच सांगितलं आणि मग हिलला विचारलं की एवढ्या लांब फेकशील का, लेटनरला विचारलं पकडशील का. ऑर्डर सोडली नाही, विचारलं. कोचिंग करणाऱ्यांनी पासपेक्षा हे जास्त बघावं असं मला वाटतं.

१०. ते ट्रॅव्हलिंग (ड्रिबल न करता बॉल घेऊन पाय हलवणं) होतं की नाही? स्लो मोशनमध्ये पाय हललेले दिसतात.

नव्हतं. हवेत पकडलं, खाली आला, आणि पाय उचलून फिरायच्या आधी ड्रिबल टाकला. उजवीकडे जायचं दाखवलं ते खांद्याने आणि डोक्याने. ड्रिबल झाल्यावर बॉल हातात घेऊन वळला आणि उडाला. स्लो मोशनमध्ये प्रत्येक खेळाडू चोर दिसतो, एकदा नॉर्मल स्पीडला बघा. बाकी त्या मॅचमध्ये लेटनरवर चिडायचंच असेल तर खरं कारण प्रश्न १३ मध्ये आहे.

११. त्या मॅचमध्ये त्याने एकही शॉट मिस केला नाही म्हणतात, ते खरंय की फेकाफेकी?

खरंय. फील्ड गोल (खेळ चालू असताना मारलेले शॉट) १० पैकी १०, त्यात एक थ्री पॉइंटर, आणि फ्री थ्रो १० पैकी १०. गणित करा, नऊ बास्केटचे १८, एका थ्रीचे ३, फ्री थ्रोचे १०, एकूण ३१. तो शेवटचा शॉट म्हणजे दहावा फील्ड गोल. अशा मॅचला, अशा राउंडला, २० वेळा मारून २० वेळा आत. म्हणूनच मी म्हणतो की शॉट आत जाण्यात आश्चर्य कमी होतं, बॉल त्याच्यापर्यंत पोचण्यात जास्त.

१२. त्याच्या आधी केंटकीने केलेला बास्केट कोणाचा होता? तो कधी दाखवतच नाहीत.

शॉन वुड्सचा. आणि दाखवत नाहीत ही खरंच अन्यायाची गोष्ट आहे. नॉर्मल टाइमला ९३-९३, ओव्हरटाइमची शेवटची ३१.५ सेकंद राहिली तिथून बघा. लेटनरचा बास्केट, ड्यूक १००-९८. मॅशबर्नचा बास्केट आणि वर फ्री थ्रो, केंटकी १०१-१००, बाकी १९.६ सेकंद. मॅशबर्नने लेटनरला फाउल केला, स्वतः बाहेर गेला, लेटनरचे दोन्ही फ्री थ्रो आत, ड्यूक १०२-१०१, बाकी १४.१. मग वुड्स मधून घुसला, समोर लेटनरसारखा ताड उभा, त्याच्या हातावरून बॉल उडवला तो बोर्डला लागून आत, केंटकी १०३-१०२. आणि मग शेवटचा.

अर्ध्या मिनिटात पाच वेळा लीड बदलली. वुड्सचा तो शॉट लेटनरच्या शॉटपेक्षा अवघड होता, पळता पळता, एका हाताने, गर्दीतून. २.१ सेकंद कमी असते तर पुतळा त्याचा झाला असता. त्या मॅचला त्याचे २१ पॉइंट होते, हे तरी लक्षात ठेवा.

१३. लेटनरने कोणाच्या तरी छातीवर पाय ठेवला होता म्हणे? मग त्याला बाहेर का नाही काढलं?

ठेवला होता. सेकंड हाफमध्ये केंटकीचा फर्स्ट इयरचा अमिनू टिम्बरलेक बास्केटखाली पडला होता, लेटनरने त्याच्या अंगावर पाय टेकवला. जोरात नाही, इजा नाही, टिम्बरलेक तर उठून टाळ्या वाजवत हसत होता, पण व्हिडिओ बघितला की चुकून पडला असं म्हणायची सोय राहत नाही. रेफरीने टेक्निकल फाउल (गैरवर्तनाचा) दिला, मॅचमधून काढलं नाही.

काढायला हवं होतं का? माझ्या मते हो. आजच्यासारखं रेफरींनी मॉनिटरवर चार वेळा बघितलं असतं तर बहुतेक गेला असता. आणि तो गेला असता तर हे सगळं लिहायची वेळच आली नसती. केंटकीवाल्यांचा राग शॉटवर कमी आणि या पायावर जास्त आहे, आणि तो राग मला तरी रास्त वाटतो. खेळ म्हणून तो शॉट कितीही भारी असला तरी ही गोष्ट त्यातून वजा होत नाही.

१४. लेटनरने असं पहिल्यांदाच केलं होतं का?

नाही! दोन वर्षं आधी, १९९०, तोच ईस्ट रीजन, तोच राउंड, फक्त जागा न्यू जर्सीतलं मेडोलँड्स आणि समोर कनेक्टिकट. तेव्हाही ओव्हरटाइम, तेव्हाही एका पॉइंटने मागे, शेवटचे २.६ सेकंद. या वेळी पास टाकणारा खुद्द लेटनर. त्याच्यावर कोणी माणूस ठेवला नाही हे कोच के यांनी बघितलं आणि आयत्या वेळी प्ले बदलला : लेटनरने ब्रायन डेव्हिसला बॉल दिला, स्वतः आत आला, डेव्हिसने परत त्यालाच दिला आणि त्याने मारला. ७९-७८.

म्हणजे एकाच माणसाने रीजनल फायनल दोनदा बझरवर, म्हणजे वेळ संपता संपता, जिंकून दिली. कॉलेजची चारही वर्षं तो फायनल फोरला खेळला, आणि टूर्नामेंटमधले त्याचे एकूण ४०७ पॉइंट हा विक्रम आहे. हल्ली चांगली पोरं एक वर्ष खेळून एनबीएत पळतात, त्यामुळे हा मोडायला कोणी फिरकेल असं दिसत नाही.

१५. एक मॅच हरले तर केंटकीवाले तीस वर्षांनंतरही एवढे हळवे का होतात?

त्यासाठी १९८९ ला जावं लागतं. केंटकी हे कॉलेज बास्केटबॉलमधलं मोठं घराणं, पण खेळाडू आणताना पैशाबिशाचे घोळ झाले, कॉलेज खेळांची संघटना एनसीएए हिने शिक्षा केली, १९९० आणि १९९१ च्या टूर्नामेंटवर बंदी आली. कोच गेला, चांगले खेळाडू सोडून गेले. चार जण राहिले : पेल्फ्री, फेल्डहाउस, रिची फार्मर आणि वुड्स. पहिले तिघं केंटकीच्याच गावांमधली पोरं. पिटिनो एनबीएची न्यूयॉर्क निक्स सोडून आला आणि या उरलेल्यांना घेऊन, जीव काढेपर्यंत पळवून, थ्री मारायला लावून टीम उभी केली.

बंदी संपली तेव्हा ही पोरं फोर्थ इयरला होती. म्हणजे त्यांना टूर्नामेंट मिळाली ती एकच. त्यात सेकंड हाफला १२ पॉइंटने मागे पडून देशातल्या नंबर एक टीमला ओव्हरटाइमपर्यंत खेचलं, २.१ सेकंदांपर्यंत जिंकत होते, आणि मग ते झालं. आपल्या पिढीला एकच शब्द पुरेल, शारजा. १९८६ चा मियाँदादचा शेवटच्या बॉलचा सिक्स ज्यांनी लाइव्ह बघितलाय त्यांना केंटकीचं दुःख समजावून सांगायला नको.

मॅचनंतर काही दिवसांतच युनिव्हर्सिटीने त्या चौघांच्या जर्सी आपल्या घरच्या स्टेडियमच्या, रप अरेनाच्या, छताला टांगल्या. चौघांपैकी एकही एनबीएचा स्टार वगैरे झाला नाही. हरलेल्या मॅचनंतर हा मान मिळाला. तिकडे त्यांना 'अनफर्गेटेबल्स' म्हणतात.

१६. मॅच संपल्यावर ड्यूकचा कोच सेलिब्रेशन सोडून केंटकीच्या रेडिओवाल्याकडे का गेला?

तो रेडिओवाला म्हणजे कॉवूड लेडफर्ड, अनेक दशकं केंटकीच्या मॅचेसची कॉमेंट्री करणारा आवाज, आणि ते त्या सीझननंतर रिटायर होणार होते. केंटकी हरलं म्हणजे त्यांची केंटकीसाठीची ती शेवटची मॅच ठरली. कोच के तिथे गेले, हेडसेट लावून केंटकीच्या लोकांशी बोलले, त्यांच्या टीमचं आणि लेडफर्ड यांचं कौतुक केलं. ड्यूकला शिव्या घालणारेसुद्धा हे एक मान्य करतात.

१७. लेटनरचा एवढा राग का करतात लोक? फक्त त्या पायामुळे?

पाय हे एक कारण झालं. बाकी म्हणजे ड्यूक हे खाजगी, महागडं, श्रीमंतांच्या पोरांचं कॉलेज अशी इमेज, त्यात हा दिसायला हिरो, वागायला आगाऊ, स्वतःच्याच टीममेट्सना टोचून बोलणारा, आणि वर सतत जिंकणारा. मजा म्हणजे त्याचं घर काही श्रीमंत नव्हतं, पण इमेजला ते कोण सांगणार. २०१५ मध्ये ईएसपीएनने त्याच्यावर डॉक्युमेंटरी काढली तिचं नावच 'आय हेट ख्रिश्चन लेटनर' होतं, यावरून काय ते समजा.

१८. पुढे सगळ्यांचं काय झालं?

लेटनर त्याच उन्हाळ्यात बार्सिलोना ऑलिंपिकच्या ड्रीम टीममध्ये, जॉर्डन, मॅजिक, बर्ड यांच्यासोबत एकटा कॉलेजवाला. एनबीए ड्राफ्टला, म्हणजे नवे खेळाडू निवडताना, तिसरा, शकील ओनील आणि अलोंझो मोर्निंगनंतर. तेरा सीझन खेळला, १९९७ ला ऑल-स्टार झाला, वाईट करिअर नव्हतं पण लोकांच्या मनात तो कायम त्या फ्री थ्रो लाइनवरच राहिला. ग्रँट हिल खूप मोठा झाला, दुखापतींनी खाल्लं तरी २०१८ मध्ये हॉल ऑफ फेम, आणि आता फायनल फोरला टीव्हीवर कॉमेंट्री करतो, म्हणजे दर मार्चला स्वतःचाच पास बघतो. पेल्फ्री आणि वुड्स दोघंही कॉलेज कोच झाले. पिटिनोने केंटकीला १९९६ चं टायटल मिळवून दिलं.

१९. केंटकीने बदला घेतला का कधी?

घेतला, १९९८. परत रीजनल फायनल, परत ड्यूक, या वेळी फ्लोरिडात सेंट पीटर्सबर्गला. केंटकी सेकंड हाफला १७ पॉइंटने मागे होतं, तिथून येऊन ८६-८४ ने जिंकलं आणि पुढे चॅम्पियनही झालं. कोच तेव्हा टबी स्मिथ होता. केंटकीच्या माणसासमोर १९९२ काढलं की तो दोन मिनिटांत १९९८ वर येतो, अनुभव घेऊन बघा.

२०. हाच इतिहासातला सगळ्यात भारी शेवटच्या क्षणाचा शॉट का? जेन्किन्सचा नाही का?

'भारी' कशावरून मोजता त्यावर आहे. ट्रॉफी मोजाल तर २०१६ चा क्रिस जेन्किन्स नक्की वरचा : फायनल, ७४-७४, रायन आर्चिडिआकोनोने धावत येऊन बॉल दिला आणि जेन्किन्सने बझरवर थ्री, व्हिलानोव्हा ७७-७४ नॉर्थ कॅरोलिना. त्याच्या आधी ४.७ सेकंद असताना मार्कस पेजने हवेत पाय हलवत मारलेला थ्री पण बघा, तो या गोष्टीतला शॉन वुड्स. धक्का मोजाल तर १९८३, लोरेंझो चार्ल्सने टीममेटचा चुकलेला लांब शॉट हवेतच घेऊन डंक केला आणि एनसी स्टेटने ह्यूस्टनला ५४-५२ पाडलं. १९८२ चा जॉर्डनचा शॉट लोक या यादीत घालतात पण त्यानंतर बरेच सेकंद बाकी होते, तो बझर शॉट नव्हे.

आणि मुलींचं कोणी विचारतच नाही म्हणून मीच सांगतो. २०१८, नोट्र डेमची अरिके ओगुनबोवाले, शुक्रवारी सेमीफायनलला कनेक्टिकटविरुद्ध ओव्हरटाइमच्या शेवटच्या सेकंदाला, आणि रविवारी फायनलला मिसिसिपी स्टेटविरुद्ध ०.१ सेकंद बाकी असताना थ्री. एकाच वीकेंडला दोनदा. फक्त शॉट मारायची हिंमत मोजायची तर माझं मत तिला.

लेटनरवालं पहिलं का धरतात? कारण तिथे शेवटच्या शॉटच्या आधीची अख्खी मॅचच पहिल्या दर्जाची होती. १०४-१०३, दोन्ही टीम्स सुसाट.

२१. समजा हिलचा पास कोणाच्याच हाताला न लागता सरळ बाहेर गेला असता तर? वेळ संपली असती का?

नाही, आणि हा खरंच चांगला प्रश्न आहे. प्रश्न ४ मधला नियम इथे उलटा लागू होतो. कोणी शिवलंच नाही म्हणजे घड्याळ चालूच झालं नाही, २.१ तसेच. बॉल केंटकीला, आणि तोही जिथून पास टाकला होता तिथूनच, म्हणजे केंटकी ज्या बास्केटमध्ये शॉट मारत होतं त्याच्याच खालून. एक पॉइंटने पुढे, बॉल हातात, बास्केट डोक्यावर. ड्यूकला थ्रो-इन होताच फाउल करावा लागला असता आणि फ्री थ्रो चुकायची वाट बघावी लागली असती.

याचाच जोडप्रश्न, पास सरळ बास्केटमध्ये गेला असता तर? चाललं नसतं, थ्रो-इनवरून थेट बास्केट धरत नाहीत, कोणाचा तरी हात लागावा लागतो. आणि घड्याळात २.१ ऐवजी ०.३ किंवा कमी असते तर? आताच्या नियमात तेवढ्या वेळात बॉल पकडून शॉट मारता येत नाही, फक्त हवेतल्या हवेत टोलवता येतो, म्हणजे ड्रिबल आणि टर्न विसरा, लेटनरला हिलचा पास उडी मारून तसाच बोटांनी बास्केटकडे ढकलावा लागला असता, फ्री थ्रो लाइनवरून, पाठ करून.